सूड गोड लागतो, पण कधी?

सोळा वर्षांच्या मुलीला कळतं, की ज्याच्यावर तिने जीव लावला तो मुलगा तिच्याच मैत्रिणीबरोबर फिरतोय. रात्री दोन वाजले तरी ती मोबाइल हातात घेऊन जागी असते. त्याने विश्वासाने सांगितलेली गुपितं, जुन्या चॅटचे स्क्रीनशॉट, सगळं वर्गाच्या ग्रुपवर टाकायचं आणि त्याला अद्दल घडवायची! नुसत्या विचारानेच तिला बरं वाटू लागतं. हे बरं वाटणं येतं कुठून?

आधी तिचं दुखणं समजून घेऊ. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 साली नुकताच प्रेमभंग झालेल्या 40 जणांच्या मेंदूचे स्कॅन घेतले. त्यांना सोडून गेलेल्या जोडीदाराचा फोटो दाखवला, आणि वेगळ्या वेळी हाताला सोसवेल इतपत चटका दिला. शरीराच्या वेदनेची नोंद घेणारे मेंदूतले काही भाग दोन्ही वेळा जागे झाले. ‘एवढं काय मनाला लावून घेतेस’ म्हणणाऱ्या प्रत्येकाने हे जरूर लक्षात ठेवावं. तिला खरोखरच दुखतंय.

सुडाची गंमत याहून अजब आहे. 2004 साली झ्युरिकमध्ये डॉमिनिक द केर्व्हाँ आणि सहकाऱ्यांनी पुरुषांना पैशांचा एक खेळ खेळायला लावला. पहिल्याने विश्वासाने आपले पैसे दुसऱ्याला द्यायचे. ते चौपट होणार, आणि दुसऱ्याने त्यातला वाटा परत करायचा. दुसऱ्याने सगळेच गिळंकृत केले, तर शिक्षा करायची की नाही, हे ठरवायला पहिल्याला एक मिनिट मिळे. मेंदूचा स्कॅन नेमका त्याच मिनिटात घेतला गेला. सुखाची, बक्षिसाची चाहूल लागली की जो भाग उजळतो, तोच तेव्हा उजळलेला दिसला. ज्यांच्यात तो अधिक उजळला, ते शिक्षेसाठी स्वतःच्या खिशातले जास्त पैसे मोजायलाही तयार होते.

म्हणजे सूड अजून घेतलेलाही नसतो, तोवर मेंदू त्याची गोडी चाखायला लागलेला असतो. रात्री दोन वाजता त्या मुलीला मिळतं ते हेच.

त्यात तिचं वय आड येतं. किशोरवयात बक्षिसाची ओढ लावणारी मेंदूतली यंत्रणा भलतीच जोमात असते. परिणामांचा विचार करून हात आवरणारा कपाळामागचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत घडतच असतो. शिवाय बघणारे असले की या वयाला चेव चढतो. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी 2005 साली एका गाडी चालवण्याच्या व्हिडिओ गेममध्ये हे दाखवून दिलं. एकटे असतानापेक्षा मित्र शेजारी बसलेले असताना किशोरवयीन मुलांनी जास्त धोके पत्करले. आता तर अख्खा वर्ग फोनवर हजर असतो.

मग सूड घेतल्यावर काय होतं? केव्हिन कार्लस्मिथ, टिमोथी विल्सन आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी 2008 साली याचाच माग काढला. गटाला फसवणाऱ्या खेळाडूला दंड करायची संधी त्यांनी काहींना दिली, काहींना दिली नाही. दंड केला की बरं वाटेल, असाच लोकांचा अंदाज होता. प्रत्यक्षात दंड करणाऱ्यांचीच मनःस्थिती अधिक वाईट निघाली. ज्यांना संधीच मिळाली नाही ते विषय सोडून पुढे गेले. सूड घेणारे मात्र त्याच माणसाचा विचार करत राहिले. ज्याला मनातून हद्दपार करायचं, त्यालाच सूड मनात मुक्कामाला ठेवतो!

राग आदळआपट करून मोकळा होतो, हाही समजच. ब्रॅड बुशमन यांच्या 2002 सालच्या प्रयोगात, चिडवणाऱ्याचा चेहरा डोळ्यांपुढे आणून पंचिंग बॅगवर ठोसे मारणाऱ्यांचा राग, काहीच न करता बसलेल्यांपेक्षा जास्त राहिला.

म्हणून, मुलांनो, फसवलं गेल्याचा राग येणं चूक नाही. तो येणारच. पण त्या रात्री काहीही पोस्ट करू नका. कुणाचे खासगी, लैंगिक फोटो पसरवणं हा तर कायद्याने गुन्हाच आहे. फोन बाजूला ठेवा, विश्वासातल्या मोठ्या माणसाशी बोला. तसं कुणी नसेल, तर 14416 या क्रमांकावर ‘टेली-मानस’ ही सरकारी सेवा दिवसरात्र मोफत ऐकून घेते. आणि पालकांनो, मूल रडत आलं तर उपदेश नंतर करा, आधी त्याचं दुखणं खरं माना.