दहशतीचा विमा : मालाचा आणि माणसाचा

दहशतवादी हल्ल्यातील नुकसान कोणी भरून द्यायचे, हा प्रश्न वरवर विमा कंपन्यांचा वाटतो. मलकापूरहून पोटासाठी रेल्वेने मुंबई गाठणाऱ्या मजुराचाही तो आहे, हे आपण ध्यानात घेत नाही.

सप्टेंबर २००१ च्या न्यूयॉर्कमधील हल्ल्यानंतर पुनर्विमा कंपन्यांनी, म्हणजे विमा कंपन्यांचाच विमा उतरवणाऱ्या कंपन्यांनी, या जोखमीतून अंग काढून घेतले. इंग्लंडवर अशी वेळ आधीच आली होती. तेथे १९९३ साली कंपन्यांनी सामाईक निधी उभारला आणि तो संपल्यास सरकारी तिजोरी पाठीशी राहील, अशी हमी सरकारने दिली. अमेरिकेने २००२ साली कायदा केला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये भारतातील सामान्य विमा कंपन्यांनी आपला निधी काढला. त्याचा कारभार जनरल इन्शुरन्स कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेकडे आला. सरकारची थेट हमी मात्र नाही. प्रारंभी एका ठिकाणासाठी २०० कोटींपर्यंत संरक्षण होते, पुढे ते २००० कोटींपर्यंत गेले. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात ताज व ओबेरॉय या हॉटेलांचे जे नुकसान झाले, त्याची भरपाई या निधीतून झाली. त्यात गैर काही नाही. त्यांनी हप्ता भरला होता.

त्याच रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पन्नासहून अधिक माणसे मेली. त्यांच्या जिवाला कोणता विमा होता? रेल्वे कायद्यानुसार स्थानकाच्या आवारात दहशतवादी कृत्यात मेलेल्या प्रवाशाच्या वारसाला भरपाई मिळते. २०१७ पासून ती आठ लाख रुपये आहे, आणि रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. कार्यकर्त्यांनी हे वस्तीवस्तीत सांगितले पाहिजे. पण मृत माणूस तिकीट काढलेला प्रवासी होता, हे ठरावे लागते. तिकिटाविना फलाटावर चणे विकणारा यात बसत नाही. केंद्राची २००८ ची योजना आहे, तिची रक्कम २०१६ साली पाच लाख झाली. पण ती मदत आहे, विम्याचा हक्क नव्हे.

हे असेच असावे लागते काय? दुसऱ्या महायुद्धात सरकारने १९४० साली मालाचा युद्धविमा सुरू केला, १९४२ साली कारखान्यांचा. बॉम्ब पडला तर गाठोडी आणि यंत्रे सुरक्षित, कामगार उघडा. १९४३ साली मजूरमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी युद्धात जखमी होणाऱ्या कामगारांसाठी भरपाई-विम्याचे विधेयक मांडले आणि त्याचा कायदा झाला. त्याची रचना सरळ होती : भरपाईची जबाबदारी मालकाची, विमा सक्तीचा, हप्ता मालकाने भरायचा आणि निधी सरकारने चालवायचा.

म्हणजे वाट आपल्याच देशात पडलेली आहे. जो मालक इमारतीचा दहशतवादविरोधी विमा उतरवतो, त्याने त्या इमारतीत राबणाऱ्या सफाई कामगाराचा, कंत्राटी रखवालदाराचा हप्ताही भरावा, अशी सक्ती कायद्याने करता येते. फलाटावरच्या फेरीवाल्यासाठी सरकारने स्वतः हमी घ्यावी. मागणी नवी नाही. १९४३ साली मान्य झालेल्या तत्त्वाचीच ती पुढची पायरी आहे.