लॉट कुठे अडकला?

२०१४ साली उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या एका लहान जीन्स कारखान्यासाठी मी सी-शार्पमध्ये प्रोग्रॅम लिहिला, तेव्हा प्रत्येक लॉटची हकिगत पाच हो-नाही रकान्यांत ठेवली होती: कटिंग, शिलाई, वॉश, प्रेस, रवाना. महिन्याभरात एक लॉट असा निघाला की रवाना 'हो' आणि वॉश 'नाही'. शेठचा मला बदलापूरला फोन आला, "न धुतलेला माल टेम्पोत चढला कसा?" चढला नव्हता. कोणीतरी चुकीची खूण केली आणि प्रोग्रॅमने ती मुकाट्याने घेतली. पाच हो-नाहींच्या बत्तीस जोड्या होतात, त्यांतल्या खऱ्या फक्त सहा.

उरलेल्या सव्वीस अडवायला इफ-एल्स लावत गेलो. १९९४ च्या 'डिझाइन पॅटर्न्स' पुस्तकातला स्टेट पॅटर्न करून पाहिला, तर दर टप्प्याला एक क्लास. एवढ्याशा कामाला केवढा लवाजमा! शेवटी निकोलस ब्लूमहार्टची 'स्टेटलेस' ही छोटी लायब्ररी घेतली. (काम सगळं स्थितीचं, नाव मात्र स्थितीच नसल्याचं.) कॉन्फिगरने स्थिती सांगायची, परमिटने कोणत्या घटनेला पुढे कुठे जायचं ते. परवानगी नसलेली घटना फायर केली की एक्सेप्शन. चारी दिशांना विखुरलेले नियम एका पानावर आले, आणि कॅनफायरला विचारून नको ती बटणं आधीच बंद ठेवता आली.

पुढे वालधुनी नदीच्या प्रदूषणावरून वॉशवाल्यांवर कारवाई झाली, आमचा वॉश बाहेरगावी गेला. 'वॉशला पाठवला' आणि 'वॉशहून आला' अशा दोन स्थिती केल्या. अर्ध्या तासाचं काम.

पाचशेपैकी चाळीसच पँटींची शेड बिघडली, तेव्हा मात्र लायब्ररी हतबल. एका लॉटला एका वेळी एकच स्थिती. मी 'अर्धवट वॉश' नावाची स्थिती घातली होती, आता आठवलं की लाज वाटते. कारखान्यातला मास्तर त्या चाळिसांना वेगळी चिठ्ठी लावून मोकळा व्हायचा. ते बघून मीही लॉट फोडायला शिकलो.

मग मार्च २०२०. लोकल बंद, कारखाना बंद. सगळे लॉट 'थांबला' या नव्या स्थितीत ढकलले. कुलूप उघडल्यावर कळलं की थांबण्याआधी कोण कुठे होता, हे मी कुठेच ठेवलेलं नाही. डेव्हिड हॅरेलने १९८७ मध्ये मांडलेल्या स्टेटचार्टमध्ये या आठवणीची सोय आहे. मला एक जादा रकानाही सुचला नव्हता. मास्तर ढिगांवरच्या चिठ्ठ्या वाचत गेला आणि मी फोन कानाला लावून एकेक लॉट जागेवर नेला. दोन दिवस गेले. तीन चिठ्ठ्या पावसाळी ओलीत विरल्या होत्या. ते लॉट आजही 'थांबला'च आहेत.