आरसा हवा की नको? (लेखांक पाचवा)

डीएसएलआर कॅमेऱ्यात लेन्स आणि सेन्सर यांच्या मध्ये ४५ अंशांत कललेला आरसा असतो. लेन्समधून आलेला प्रकाश तो वरच्या प्रिझमकडे वळवतो आणि डोळ्याला समोरचे दृश्य जसेच्या तसे दिसते. बटण दाबताच आरसा झटक्यात वर जातो, शटर उघडते, सेन्सरवर प्रकाश पडतो आणि आरसा पुन्हा खाली येतो. ‘खटॅक’ हा ओळखीचा आवाज मुख्यतः या धावपळीचा. मिररलेस कॅमेऱ्यात आरसाही नाही आणि प्रिझमही नाही. प्रकाश थेट सेन्सरवर पडत राहतो आणि सेन्सरला जे दिसते तेच छोट्या पडद्यावर दाखवले जाते. दोहोंचे गुणदोष बहुतेक याच एका फरकातून निघतात. फोटोचा दर्जा मात्र त्यात येत नाही. निकॉनचा डी७५०० हा डीएसएलआर आणि झेड५० हा मिररलेस, दोघांचेही सेन्सर एकाच आकाराचे आणि २०.९ मेगापिक्सेलचे आहेत. छापलेला फोटो पाहून कोणता कशाने काढला हे सांगणे जाणकारालाही अवघड जाईल.

आरशाच्या आवाजाचा प्रश्न वर्धा जिल्ह्याला जुनाच आहे. सेवाग्राम आश्रमात गांधीजींच्या नात्यातले कनू गांधी यांनी १९३८ पासून त्यांची छायाचित्रे काढली. उद्योगपती घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या १०० रुपयांतून कनूंचा रोलिफ्लेक्स कॅमेरा आला. गांधीजींच्या अटी तीन होत्या: फ्लॅश वापरायचा नाही, कुणाला ‘असे बसा, तसे बसा’ म्हणायचे नाही आणि आश्रमाने खर्च करायचा नाही. रोलिफ्लेक्समध्येही आरसा होता, पण तो पाहण्याच्या वेगळ्या लेन्समागे कायमचा बसवलेला. फोटो काढताना तो हलत नसे, त्यामुळे कॅमेऱ्याचा आवाज जेमतेम येई. कुटीतल्या मंद उजेडात, कुणाच्या कामात व्यत्यय न आणता फोटो काढायचा तर हीच सोय लागते. आजचा मिररलेस इलेक्ट्रॉनिक शटरवर ठेवला तर अजिबात आवाज करत नाही. भजन, कीर्तन, शाळेची परीक्षा किंवा झोपलेले बाळ यांचे फोटो काढणाऱ्याला याचे मोल वेगळे सांगायला नको. एक खोट आहे: एलईडी दिव्यांखाली या शटरने काढलेल्या फोटोत आडवे पट्टे उमटू शकतात आणि वेगाने जाणारी वस्तू तिरकी दिसते. अशा वेळी यांत्रिक शटरच बरे.

याच जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यातल्या रोहण्यासारख्या गावात रोजचे छायाचित्रण म्हणजे बहुधा ऊन आणि अंधार यांची सांगड. पुलगाव–आर्वी नॅरोगेजवरच्या, म्हणजे आता बंद पडलेल्या ‘शकुंतला’ रेल्वेच्या वाटेवरच्या या गावात दुपारी कपाशीच्या वावरात डोळे दिपतात, आणि दोन मिनिटांनी घराच्या माजघरात शिरले की काही दिसत नाही. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये डोळ्याला दिसते ते खरे दृश्य. फोटो किती उजळ येईल ते तिथे कळत नाही, काढून झाल्यावर मागच्या पडद्यावर पाहावे लागते, आणि मे महिन्याच्या उन्हात तो पडदा जवळजवळ कोराच दिसतो. मिररलेसचा व्ह्यूफाइंडर फोटो कसा येणार ते आधीच दाखवतो. शिकणाऱ्यासाठी हा एकच मुद्दा निवड ठरवायला पुरेसा आहे.

तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल ओढत पोरे अंगावर धावून येतात, तेव्हा दुसरा फरक जाणवतो. डीएसएलआरमध्ये फोकसचे बिंदू बहुतेक चौकटीच्या मध्यभागी दाटलेले असतात, मिररलेसमध्ये ते जवळजवळ कडेपर्यंत पसरतात. शिवाय नवे मिररलेस डोळा ओळखून त्याच्या मागे राहतात. व्हिडिओ घेताना डीएसएलआरचा आरसा वरच राहतो, म्हणून त्याच्या व्ह्यूफाइंडरमधून पाहताच येत नाही.

इथवर पारडे मिररलेसकडे झुकले. आता उलटी बाजू, आणि गावात तीच जास्त बोचते.

सेन्सर आणि पडदा सतत चालू राहत असल्याने मिररलेस बॅटरी खातो. कंपन्यांच्या ठरलेल्या मोजणीनुसार निकॉन डी५६०० एका चार्जमध्ये ९७० फोटो काढतो, झेड५० सुमारे ३००. प्रत्यक्षात दोन्ही आकडे वाढतात, पण प्रमाण फारसे बदलत नाही. दिवसभराच्या लग्नाला निघालेल्याने एक जादा बॅटरी खिशात ठेवावीच. दिलासा इतकाच की बरेच नवे मिररलेस यूएसबीवरून चार्ज होतात, त्यामुळे वीज गेली तरी पॉवर बँकेवर निभावते. पारा ४५ अंशांच्या आसपास असताना लांबलचक व्हिडिओ घेतला तर कॅमेरा तापून थांबण्याचीही शक्यता असते.

दुसरी अडचण धुळीची. लेन्स बदलताना डीएसएलआरच्या सेन्सरपुढे आरसा आणि शटर दोन्ही आड असतात. अनेक मिररलेसमध्ये तो उघडाच पडतो. काही मॉडेल कॅमेरा बंद करताच शटर मिटून घेतात, पण स्वस्त मॉडेलांत ही सोय सहसा नसते. जिनिंगच्या आवारात उडणारी रुई किंवा सोयाबीनच्या मळणीचा भुसा यांत लेन्स बदलूच नये. बदलावीच लागली तर आडोशाला जावे आणि कॅमेऱ्याचे तोंड जमिनीकडे ठेवावे.

वजनाबद्दल जाहिराती जे बोलतात ते अर्धेच खरे आहे. आरसा गेल्याने लेन्स सेन्सरच्या जवळ आली: निकॉनच्या जुन्या एफ माउंटमध्ये हे अंतर ४६.५ मिलिमीटर होते, झेडमध्ये १६. कॅमेरा पातळ झाला, पण बॅटरी-कार्डासह डी५६०० चे वजन ४६५ ग्रॅम आणि झेड५० चे ४५०. कॅनन आर५० मात्र ३७५ ग्रॅमचा आहे. पिशवी जड होते ती बहुधा लेन्समुळे.

बाजाराचा कल स्पष्ट आहे. पहिला मिररलेस, पॅनासॉनिकचा जी१, २००८ साली आला. निकॉन झेड आणि कॅनन ईओएस आर २०१८ मध्ये आले आणि २०२० नंतर या दोन्ही कंपन्यांनी नवा डीएसएलआर आणलेला नाही. नव्या लेन्सही मिररलेससाठीच निघतात. जुन्या लेन्स अडॅप्टरवर चालतात. कॅननच्या ईएफ लेन्स त्यावर उत्तम फोकस करतात, तर निकॉनच्या जुन्या एएफ-डी लेन्सचा ऑटोफोकस एफटीझेड अडॅप्टरवर चालत नाही.

तेव्हा पहिलाच कॅमेरा आणि तोही नवा घ्यायचा असेल, तर मिररलेस घ्यावा. घरात चांगल्या लेन्स असलेला डीएसएलआर असेल, तर तो विकायची घाई करू नये. हातात पैसे थोडे असतील, तर वापरलेला डीएसएलआर आणि ५० मिलिमीटरची एक लेन्स ही आजही सर्वांत किफायतशीर जोडी आहे. मात्र घेताना शटर किती वेळा चालले आहे ते विचारावे, आणि लेन्स उजेडासमोर धरून आत बुरशीचे जाळे नाही ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. पावसाळाभर कपाटात कोंडलेल्या लेन्सला ती लागते आणि काचेत खोलवर गेली की निघत नाही.