मांजराचे पिल्लू आणि मातीची परात

बंगळूर शहराच्या पूर्वेस, व्हाइटफील्डकडे जाणाऱ्या रस्त्यावर, महादेवपुरा नावाचा भाग आहे. २००७ साली तो बंगळूरच्या महानगरपालिकेत समाविष्ट झाला. तोपर्यंत त्याची स्वतःची नगरपालिका होती. आज तेथे उंच इमारतींची दाटी आहे आणि त्या इमारतींतून पुणे, सातारा, सोलापूर, बेळगाव येथून संगणकाच्या व्यवसायानिमित्त आलेली मराठी कुटुंबे राहतात. बंगळूरला मराठी माणूस नवा नव्हे. १६३८ नंतर हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत होते. त्या काळची मराठी मंडळी घोड्यावरून आली आणि जमिनीवर राहिली. आजची मंडळी नवव्या मजल्यावर राहतात. ज्या प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे, तो या नवव्या मजल्यातूनच निर्माण झाला आहे.

प्रश्न असा. पावसाळ्यात वाहने ठेवण्याच्या जागेत एखादे पिल्लू केकाटत असलेले मुलांना सापडते. मुले ते घरी आणतात. पहिले दोन दिवस त्याचे कौतुक होते, त्याला नाव मिळते, घरातील एक चांगली वाटी त्याच्या दुधासाठी कायमची जाते. तिसऱ्या दिवशी सकाळी मोरीपाशी टाकलेले पायपुसणे ओले सापडते, चौथ्या दिवशी गादीचा कोपरा, आणि पाचव्या दिवशी गावाहून आलेल्या आजीबाईंचे घडी करून ठेवलेले लुगडे. तेथे पिल्लाचा खटला संपतो. ‘घाण करते’ एवढ्या दोन शब्दांचा निकाल लागतो, आणि संध्याकाळी कोणीतरी ते पिशवीत घालून बाजाराच्या टोकाला सोडून येते. पूर्वी गावोगाव पोत्यात घालून मांजर नदीपलीकडे सोडीत, त्याचीच ही शहरी आवृत्ती. फरक इतकाच, की गावचे मांजर पुष्कळदा दोन दिवसांनी परत येई. सहा-सात आठवड्यांचे पिल्लू परत येत नाही. उपासमार होईल अशा स्थितीत जनावर विनाकारण टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाप्रमाणे अपराध आहे, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. पण कायद्याची गोष्ट बाजूस ठेवली तरी प्रश्न उरतोच, की त्या पिल्लाने खरोखर काय केले होते?

त्याचे उत्तर मिळण्यासाठी पिल्लाच्या जन्मापासून आरंभ करावा लागेल. मांजराचे पिल्लू आंधळे आणि बहिरे जन्मते. त्याचे डोळे पहिल्या एक-दोन आठवड्यांत उघडतात. याहून विशेष गोष्ट म्हणजे, सुमारे तीन आठवड्यांपर्यंत त्याला मलमूत्रविसर्जन स्वतःहून करताच येत नाही. भाटी त्याचे पोट आणि शेपटीखालचा भाग जिभेने चाटते, तेव्हा त्या स्पर्शाने विसर्जन घडते, आणि जे बाहेर येते ते भाटी स्वतःच चाटून नाहीसे करते. यामुळे पिल्लांची जागा कोरडी राहते आणि वासावरून शत्रूला तिचा पत्ता लागत नाही. आई हरवलेल्या अगदी लहान पिल्लाला लोक दूध पाजतात, ऊब देतात, आणि तरीही ते दगावते, याचे एक कारण येथे आहे. प्रत्येक वेळी दूध पाजल्यावर कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या कापसाने त्या जागी हलके पुसावयाचे असते, हे कोणी त्यांना सांगितलेले नसते. दूधही गाईचे चालत नाही, ते पिल्लाला पचत नाही. पण तो स्वतंत्र विषय आहे.

चौथ्या आठवड्याच्या सुमारास पिल्लू मोकळी माती दिसली की पुढच्या पायाने उकरू लागते. हे त्याला शिकवावे लागत नाही. आई नसलेले, माणसाने बाटलीवर वाढविलेले पिल्लूदेखील रेतीच्या परातीत ठेवले की खड्डा करते, त्यात बसते, वळून वास घेते आणि वर माती ओढते. कुत्र्याला बाहेर जाण्याची सवय लावताना जे परिश्रम पडतात, त्यांतले काहीच येथे लागत नाहीत. मांजर हे ज्ञान आपल्या रक्तातून घेऊन येते.

ते रक्त कोठले? पाळीव मांजराचा पूर्वज आफ्रिका आणि पश्चिम आशिया येथील रानमांजर होय, हे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनाने निश्चित झाले. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेले सापडले आहे. धान्य साठविणाऱ्या माणसाकडे उंदीर आले, उंदरांमागून मांजर आले, आणि येताना कोरड्या प्रदेशातल्या दोन सवयी घेऊन आले. एक, पाणी थोडे पिणे आणि मूत्र अत्यंत दाट करणे. मांजराच्या मूत्राचा जो उग्र दर्प घरात राहतो, त्याचे मूळ त्या दाटपणात आणि त्यातील गंधकयुक्त द्रव्यांत आहे. दुसरी, राहत्या जागेजवळचे मलमूत्र झाकून टाकणे. मांजराला ही स्वच्छतेची आवड आहे असे आपण म्हणतो. वस्तुतः ती लपण्याची युक्ती आहे. स्वतःहून मोठ्या जनावरापासून आपला वास दडविणे हा तिचा हेतू. म्हणून तर हद्दीच्या टोकाला, रानवाटेवर, तेच मांजर मल उघडा टाकून जाते. तेथे त्याला आपले अस्तित्व जाहीर करावयाचे असते.

आता वाड्यातल्या किंवा कौलारू घरातल्या मांजराचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. त्याला परसू होते, केळीच्या बुंध्याशी भुसभुशीत माती होती, चुलीतून काढलेल्या राखेचा ढीग होता. मांजर कोठे जाते हा विचार घरातल्या कोणाच्या मनात आयुष्यात आला नसेल. नवव्या मजल्यावरच्या घरात मात्र चकचकीत फरशी असते. पिल्लू उकरण्यासारखे काही शोधते आणि जे पायाखाली दबते, ज्यात ओल जिरते, त्यापाशी थांबते. असे तीनच पदार्थ घरात असतात: पायपुसणे, गादी आणि कपड्यांची घडी. चौथा असला तर सज्जातल्या कुंडीतली तांबडी माती; आणि तुळशीच्या कुंडीत पिल्लू सापडले की आजीबाईंच्या दृष्टीने अपराध दुप्पट होतो. पिल्लाने केलेले असते एवढेच, की त्याने मातीचा शोध केला आणि ती नसता तिच्यासारखे जे मिळाले ते पत्करले.

परदेशात या अडचणीवर जो तोडगा निघाला त्याची हकिगत मनोरंजक आहे. १९४७ पर्यंत अमेरिकेतही लोक घरातील मांजरासाठी वाळू नाही तर राख ठेवीत. त्या वर्षी मिशिगनमधील एड लो नावाच्या तरुणाकडे एक शेजारीण वाळू मागावयास आली. थंडीने वाळू गोठली होती. लो यांच्याकडे कारखान्यांतील सांडलेले तेल शोषून घेण्यासाठी विकावयाची दाणेदार माती होती. त्यांनी तीच दिली. तिने ओल शोषली, दर्प धरून ठेवला, आणि मांजराच्या पायांना ती चिकटली नाही. त्यातून एक प्रचंड व्यवसाय उभा राहिला. ही माती म्हणजे आपल्या न्हाणीघरातल्या मुलतानी मातीचीच जात, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. पुढे १९८० नंतरच्या काळात ओल लागताच गोळा होणारी बेंटोनाइट जातीची माती आली. आपल्याकडे कच्छ आणि बारमेर या भागांत तिच्या खाणी आहेत. आज महादेवपुऱ्यातील कोणत्याही मोठ्या दुकानात ‘लिटर’ या नावाने ती पिशव्यांतून मिळते. तथापि पिशवी महाग वाटत असेल, तर चाळलेली कोरडी वाळूही काम भागविते. पिल्लू दोन-अडीच महिन्यांचे होईपर्यंत तर गोळा होणारी माती टाळलेलीच बरी. त्या वयात ते दिसेल ते चाखून पाहते, आणि ही माती पोटात गेली तर तेथेही फुगते. याच कारणास्तव ती संडासात ओतू नये. नळ तुंबतो आणि खालच्या आठ मजल्यांशी संबंध बिघडतात.

परात कशी असावी आणि कोठे ठेवावी, यात बहुतेक घरे चुकतात. पिल्लाला पाय उचलून सहज आत जाता यावे इतका तिचा काठ ठेंगणा हवा आणि माती दोन बोटे खोल हवी. सुवासिक माती माणसाच्या नाकासाठी केलेली असते. मांजराला तो वास उपद्रवच वाटतो. खाण्याच्या वाटीशेजारी परात ठेवली तर ते परातीकडे पाठ फिरवील, कारण जेथे जेवावयाचे तेथे हे करावयाचे नाही हा नियम त्यालाही ठाऊक आहे. कपडे धुण्याच्या यंत्राशेजारची जागा गृहिणीला सोयीची वाटते. परंतु पिल्लू आत बसले असता यंत्र एकदा घरघरले, की ती जागा त्याच्या मनातून कायमची उतरते. दोन मांजरे असतील तर पराती तीन असाव्या असे जाणकार सांगतात. हे थोडे अतिशयोक्त वाटेल, पण एक मांजर दुसऱ्याची वाट अडवून बसते हे ज्याने पाहिले आहे त्याला ते पटेल. नव्या पिल्लाला पहिले काही दिवस सगळे घर मोकळे न देता एकाच लहान खोलीत ठेवावे. झोपून उठल्यावर, खाल्ल्यानंतर आणि खेळून दमल्यावर त्याला परातीत नेऊन ठेवावे. एवढ्यावर बहुतेकांचे काम होते. परात मात्र रोज साफ झाली पाहिजे. तुंबलेल्या शौचकूपात माणूसही जात नाही.

चूक झाल्यावर पिल्लाचे नाक त्या जागी घासण्याची एक क्रूर रीत आपल्याकडे आहे. तिने काहीही साधत नाही. तासाभरापूर्वी केलेल्या कृतीशी आत्ताच्या शिक्षेचा संबंध जोडणे त्याच्या बुद्धीला शक्य नसते. ते इतकेच शिकते, की या माणसाच्या देखत हे करणे धोक्याचे आहे. आणि मग पलंगाखालचा अंधार शोधते.

याहून मोठी चूक फिनेलची. फरशी ओली झाली की फिनेल ओतावे ही आपल्या घरांची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. काळ्या फिनेलमध्ये डांबरापासून निघणारी फिनॉल वर्गातील द्रव्ये असतात. माणसाचे यकृत ती निष्प्रभ करून बाहेर टाकू शकते. मांजराच्या यकृतात त्यासाठी लागणारी यंत्रणा फारच दुबळी आहे. ते ओल्या फरशीवरून चालते, मग बसून पाय चाटते, आणि विष पोटात जाते. याच दुबळेपणामुळे आपली डोकेदुखीची साधी पॅरासिटामॉलची गोळी मांजराला प्राणघातक ठरते. ओली जागा साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडी करावी, नाही तर दर्पाचे मूळ तोडणारी एन्झाइमयुक्त द्रव्ये मिळतात ती वापरावी. वास राहिला तर मांजर पुन्हा तेथेच येणार. त्याच्या लेखी तो वास म्हणजे जागेची पाटीच.

परातीचा इमानाने उपयोग करणारे मांजर एकाएकी बाहेर करू लागले, तर ते रागावले आहे असा तर्क लोक करतात. मांजर सूड घेते ही समजूत आपल्याकडे फार पक्की आहे. अशा वेळी पहिला संशय आजाराचा घ्यावा. लहान पिल्लात बहुधा जंत किंवा हगवण असते. वाढलेल्या मांजरात मूत्राशयाचा दाह होतो, बसताना वेदना होतात, आणि त्या वेदनेचा दोष ते परातीला देऊन दुसरी जागा शोधते. बोक्याच्या बाबतीत तर प्राणावर बेतते. त्याची मूत्रनलिका अतिशय अरुंद असते. ती बारीक खड्यांनी अथवा घट्ट स्रावाने बंद झाली, तर तो पुनःपुन्हा परातीत जाऊन बसतो, कुंथतो, ओरडतो, आणि थेंबही पडत नाही. घरातील मंडळी बद्धकोष्ठ समजून एरंडेल शोधीत बसतात. दोन-तीन दिवसांत तो मरू शकतो. अशा बोक्याला त्याच दिवशी, रात्र असली तरी रात्री, पशुवैद्याकडे न्यावे. बंगळुरास हेब्बाळ येथे १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, मुंबईस परळला १८८६ पासून. आज तर प्रत्येक मोठ्या शहरात खासगी दवाखाने झाले आहेत. वयात आलेला बोका शेपटी ताठ करून भिंतीवर फवारा मारतो, ही गोष्ट मात्र निराळी. ती हद्दीची खूण होय, आणि वेळीच शस्त्रक्रिया करून घेतली तर बहुधा थांबते.

घरात गर्भवती स्त्री असली की वडीलधारी मंडळी मांजर बाहेर काढण्याचा आग्रह धरतात. त्यांच्या भीतीत तथ्याचा अंश आहे. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा सूक्ष्म जीव मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडतो आणि गर्भाला अपाय करू शकतो, हे १९७० च्या सुमारास पूर्णपणे सिद्ध झाले. परंतु मांजर हे बीज बहुधा आयुष्यात एकदाच, फार तर दोन-तीन आठवडे टाकते. आणि टाकलेले बीज रोगकारक होण्यास निदान एक दिवस लागतो. म्हणजे विष्ठा रोजच्या रोज उचलली, ते काम घरातल्या दुसऱ्या कोणी केले, मांजराला कच्चे मांस दिले नाही, आणि भाजी धुऊन घेतली, तर भय फारच थोडे उरते. सासूबाईंचा शब्दही राहतो आणि मांजरही.

एक तक्रार सर्वांत शेवटी, पाच-सहा महिन्यांनी येते. मांजर परातीत जाते, पण ओल परातीबाहेर पडते. येथे पिल्लाची बाजू अगदी न्याय्य आहे. ते आता हातभर लांब झालेले असते आणि परात तीच, ठेंगणी, दीड वितीची. चारही पाय नियमाप्रमाणे आत ठेवून ते बसते. शेपटीकडचा भाग तेवढा काठाबाहेर राहतो. गवंड्याकडचे मोठे घमेले आणले की ही तक्रार त्याच दिवशी मिटते.