दंत विभाग : सिरॅमिकचे आवरण दाताला धरते कसे?

विंचूर व परिसरातून आमच्या दंत विभागात येणाऱ्या रुग्णांपैकी काहींना समोरच्या दातांवर सिरॅमिकचे पातळ आवरण, म्हणजेच व्हेनिअर, बसविण्याचा सल्ला दिला जातो. हा निव्वळ नटण्याचा उपचार नव्हे काय, आणि नखाएवढ्या चकतीला इतका खर्च का, असे दोन प्रश्न देणगीदार व विश्वस्त नेहमी विचारतात. दंत विभागाची बिले तपासताना ते आमच्याही मनात आले होते. म्हणून हा खुलासा.

व्हेनिअरची जाडी साधारणतः 0.3 ते 0.7 मिलिमीटर असते. सुटी चकती बोटांच्या दाबानेही तडकू शकते. दाताशी एकजीव झाली की तीच चकती चावण्याचा ताण वर्षानुवर्षे सोसते. म्हणजे तिचे खरे बळ जोडणीत आहे. 1930 च्या दशकात हॉलिवूडमध्ये डॉ. चार्ल्स पिंकस नटनट्यांच्या दातांवर अशी आवरणे चिकटवीत. पण चित्रीकरण संपताच ती काढून ठेवावी लागत, कारण टिकाऊ जोड ठाऊक नव्हता. 1955 साली अमेरिकेतील मायकेल ब्युओनोकोर यांनी दाखविले की दंतवल्कावर फॉस्फोरिक आम्ल लावल्यास राळ त्याला घट्ट धरते. पुढे 1983 च्या सुमारास सायमनसेन व कॅलामिया यांनी सिरॅमिकची आतील बाजूही आम्लाने खरखरीत करून जोड पक्का करता येतो हे सिद्ध केले.

गुळगुळीत भिंतीवर गिलावा टिकत नाही, म्हणून गवंडी आधी टाचे मारतो. येथेही तसेच घडते. दंतवल्क वजनाने सुमारे 96 टक्के खनिज असते. त्यावर साधारण 37 टक्क्यांचे फॉस्फोरिक आम्ल 15 ते 30 सेकंद ठेवून धुतले की पृष्ठभाग खडूसारखा पांढरा दिसतो व त्यात डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे पडतात. पातळ राळ त्यांत शिरून कडक होते आणि अडकून बसते. दंतवल्काखालील दंतिनात पाणी व सेंद्रिय तंतू अधिक असल्याने तेथील जोड तितका भरवशाचा नसतो. म्हणूनच डॉक्टर दात शक्य तितका कमी घासतात.

चकतीच्या आतील बाजूस हायड्रोफ्लोरिक आम्ल लावतात. हे अत्यंत घातक आम्ल असल्याने ते तोंडाबाहेर व पूर्ण खबरदारीनेच वापरावे लागते. त्यानंतर सिलेन नावाचे द्रव्य लावले जाते. त्याचे एक टोक काचेला व दुसरे राळेला धरते. शेवटी राळयुक्त सिमेंट लावून चकती बसवितात व निळ्या प्रकाशाने ते कडक करतात. पातळ चकतीतून प्रकाश आरपार जात असल्याने केवळ प्रकाशाने घट्ट होणारे सिमेंट पसंत केले जाते. त्याचा रंगही अधिक काळ टिकतो.

आमच्याकडे एका रुग्णाची चकती सुटली. बिल पुन्हा आकारावे की नाही, हा प्रश्न आमच्यासमोर आला. डॉक्टरांनी चकती उलटी करून दाखविली. सिमेंट सगळे चकतीला चिकटलेले होते, दात मात्र स्वच्छ होता. याचा अर्थ चकतीकडील जोड शाबूत होता आणि दाताकडील सुटला होता. आम्ल लावून धुतल्यानंतर तेथे लाळेचा ओलावा पोहोचला असावा, असे त्यांचे मत पडले. दोष रुग्णाचा नव्हता. बिल आकारले नाही. तेव्हापासून दात कोरडा ठेवणाऱ्या रबर डॅमच्या खर्चाला आम्ही कात्री लावलेली नाही.

आमच्या भागातील द्राक्ष बागायतदारांना हे वेगळे सांगायला नको. डॉगरिजच्या खुंटावर कलम करताना दोन्ही काप ताजे व स्वच्छ हवेत, मध्ये फट राहता कामा नये आणि बांधणी पक्की हवी. एक बाजू बिघडली तरी काडी धरत नाही.

आता पहिला प्रश्न. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड अधिक असल्याने मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात. अपघातात समोरचा दात तुटलेली मुले कोठेही आढळतात. हसताना तोंडावर हात ठेवणाऱ्या मुलीस हा उपचार चैनीचा वाटत नाही. तथापि घासलेले दंतवल्क पुन्हा येत नाही. म्हणून आधी कीड व हिरड्यांचे आजार, मग डाग कमी करण्याचे सौम्य उपाय किंवा साधे कंपोझिट, आणि ते अपुरे पडले तरच व्हेनिअर, असा क्रम आम्ही पाळतो. केवळ हौसेच्या उपचाराचा खर्च निर्धन रुग्ण निधीत टाकला जात नाही.

नातेवाइकांना विनंती, की व्हेनिअर बसविलेल्या दातांनी सुपारी फोडू नये, दोरा तोडू नये, बाटलीचे झाकण उघडू नये. रात्री दात खाण्याची सवय असल्यास आधीच सांगावे.

दंतखुर्चीवर देणगीदाराचे नाव कोरता येते, सिमेंटच्या नळीवर येत नाही. त्या नळीलाही मुदत असते. मुदत संपलेली नळी आम्ही टाकून देतो व ती रक्कम तोटा म्हणून हिशेबात दाखवितो. हा तोटा आपण समजून घ्यावा, कारण तो वाचविला तर त्याची किंमत रुग्णाच्या दाताला मोजावी लागेल.