ग्रामसेवक गेले कुठे?

बुलढाणा जिल्ह्यात कुठल्याही गावाच्या पारावर बसा, 'ग्रामसेवक बंद झाले, आता वरून अधिकारी येणार' असं ठासून सांगणारा एक तरी भेटेल. घडलं ते एवढंच: 23 सप्टेंबर 2024 रोजी राज्य मंत्रिमंडळाने ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन पदं एकत्र केली आणि नव्या पदाला नाव दिलं ग्रामपंचायत अधिकारी. माणूस तोच, टेबल तेच. त्याच सुमारास तलाठ्याचाही ग्राम महसूल अधिकारी झाला आणि गोंधळात भर पडली. दोघंही 'अधिकारी'; पण पहिला जिल्हा परिषदेचा, दुसरा महसूल खात्याचा. शेताचा सातबारा आणि आठ-अ महसूलवाल्याकडे, घराचा नमुना 8 ग्रामपंचायतीत. हा नमुना 8 म्हणजे मालकीचा पुरावा, असंही लोक सर्रास धरून चालतात. तो नाही. ती कर आकारणीची नोंद आहे; घरपट्टी कोणाकडून घ्यायची, हे ती सांगते.

एकाच ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे दोन-तीन ग्रामपंचायती असल्या की 'आपल्या गावावर अन्याय' ही तक्रार ठरलेली. गैरसोय खरी आहे, बेकायदा मात्र काही नाही. ग्रामपंचायत कायद्याने सचिव, म्हणजे हाच अधिकारी, एका ग्रामपंचायतीला किंवा ग्रामपंचायतींच्या गटाला देता येतो. गट ग्रामपंचायतीबद्दल, म्हणजे अनेक गावांच्या मिळून एका ग्रामपंचायतीबद्दलही, असाच गैरसमज. त्यात गाव 'विलीन' होत नाही. महसुली गाव आणि त्याचं जमिनीचं दप्तर वेगळंच राहतं. कारभार तेवढा एक. लहान गावाचे सदस्य कमी निवडून येतात आणि निधी मोठ्या गावाकडे झुकतो, ही भीती मात्र मला निराधार वाटत नाही.

सगळ्यात जास्त गैरसमज आहे तो ग्रामपंचायतीत संगणकापुढे बसणाऱ्या मुलाबद्दल. तो ग्रामपंचायतीचा नोकर, असंच गाव समजतं. ग्रामपंचायतींच्या संगणकीकरणाचा संग्राम प्रकल्प 2015 अखेर संपला आणि 2016 च्या शासन निर्णयाने आपले सरकार सेवा केंद्रं आली. कमी उत्पन्नाच्या ग्रामपंचायतींनी मिळून एक केंद्र चालवायचं, हाही त्या योजनेचाच भाग. केंद्रावरचा हा मुलगा, म्हणजे संगणक परिचालक, नेमलेला बाहेरच्या यंत्रणेमार्फत; पैसा मात्र ग्रामपंचायतीचा. वित्त आयोगाच्या निधीतून एका केंद्रापोटी महिन्याला 12,331 रुपये जात होते आणि त्यातलं परिचालकाच्या हाती पडणारं मानधन बरीच वर्षं निम्म्याच्या आसपास होतं. दाखले, जन्म-मृत्यूच्या नोंदी, नमुना 1 ते 33 चं दप्तर, हे सगळं त्याच्याच हातून. सेवा एकत्र केली की खर्च आपोआप वाचतो, असं मानणाऱ्यांनी हा हिशेब एकदा ग्रामसभेत मागावा. वाचलं किती आणि मधल्यामध्ये राहिलं किती, हे विचारायला कोणाची मनाई नाही.

मग एकत्र येणं वाईटच का? जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांकडे बघा. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा. विहीर खणा नाहीतर बोअर मारा, पाणी खारट. मूत्रपिंडाच्या आजारांनी इथली गावं त्रासलेली. एकट्या ग्रामपंचायतीने गोडं पाणी आणायचं तरी कुठून? 140 गाव पाणीपुरवठा योजना झाली ती यासाठीच. पाणी येतं अकोला जिल्ह्यातल्या वारी भैरवगडच्या वान धरणातून, म्हणजे तालुकाच काय, जिल्ह्याची हद्दही ओलांडून. इथे एकत्र येण्यावाचून मार्गच नव्हता.

पण 'योजना मोठी, म्हणजे ग्रामपंचायतीचा संबंध संपला' हे चूक. प्रादेशिक योजनेत गावच्या टाकीपर्यंत पाणी आणणं योजनेचं काम. टाकीपासून नळापर्यंतचं वाटप आणि पाणीपट्टी साधारणपणे ग्रामपंचायतीची. तेव्हा नळ कोरडा राहिला तर मोर्चा काढण्याआधी टाकीवर चढून बघावं. टाकी रिकामी असेल तर तक्रार योजनेकडे. भरलेली असेल तर जाब गावातच विचारायचा.