गप्पी मासे : कुठे सोडावेत, कुठे नाही?

"डॉक्टरसाहेब, वर्गणी काढून आम्ही तळ्यात गप्पी मासे सोडले. तरी पोराला डेंग्यू झालाच कसा?" पावसाळ्यात दवाखान्यात आलेल्या एका गृहस्थांचा हा प्रश्न. त्याचे उत्तर सर्वांच्याच उपयोगाचे आहे.

डेंग्यू पसरविणारा एडिस डास तळ्यात सहसा वाढत नाही. त्याची मादी अंडी घालते ती घरातील हौद, पिंप, कूलर, कुंडीखालची ताटली, अंगणातले जुने टायर अशा ठिकाणी. अंड्यापासून डास तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणजे मासे तळ्यात आणि अळ्या घरात!

गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला. त्याचा भाऊबंद गंबुशिया हा उत्तर अमेरिकेतला. तो १९२८ साली भारतात आणला गेला. दोन्ही मासे अंडी न घालता थेट पिल्ले देतात, त्यामुळे त्यांची संख्या झपाट्याने वाढते. ते डासांच्या अळ्या खातात हे खरेच. पण तेवढेच खाऊन थांबत नाहीत. विशेषतः गंबुशिया इतर माशांची अंडी, पिल्ले आणि बेडकांची पिल्लेही फस्त करतो. शेवाळ खाऊन पाणी स्वच्छ ठेवणारे बारीक जीवही तो खातो, त्यामुळे पाणी हिरवे पडते. गंमत अशी, की आपले छोटे देशी मासे आणि चतुराच्या पाण्यातल्या अळ्या मुळातच डासांच्या अळ्या खातात. पाहुण्यापायी घरचे रखवालदार उपाशी मरतात! जगातील १०० उपद्रवी परक्या जीवांच्या यादीत गंबुशियाचे नाव आहे, ते उगाच नव्हे.

मग काय करावे? ज्यांचे पाणी ओढ्या-तळ्याला मिळत नाही, अशा सिमेंटच्या टाक्या, कारंज्यांचे हौद येथे गप्पी जरूर सोडावेत. तळी, नदी, ओढे येथे मात्र सोडू नयेत.

घरात आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळावा. भांडी नुसती उपडी करून भागत नाही. कडांना चिकटलेली अंडी कोरड्यातही कित्येक महिने टिकतात, म्हणून आतून घासून काढावीत. ताप आल्यास ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनची गोळी आपल्या मनाने घेऊ नये. डेंग्यू असल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप उतरल्यावर पोटात जोराचे दुखणे, सतत उलट्या किंवा हिरड्यांतून रक्त दिसल्यास रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे.

त्या गृहस्थांचा मुलगा बरा झाला. अळ्या सापडल्या त्या त्यांच्याच गच्चीवरच्या उघड्या पिंपात.